‘ओसाड’ हा शब्द मी लिहिला होता

गेल्या उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर, मला माझंच लिखाण ऐकावं लागलं. दहा-बारा माणसं बसली होती आणि बारावीतली एक मुलगी मोबाइलवरून मोठ्यानं वाचत होती. गावालगतच्या माळावर एका पर्यावरण संस्थेनं झाडं लावली होती. त्या संस्थेच्या वेबसाइटवरचं या गावाविषयीचं ते पान. इंग्रजी मजकूर माझा, मराठीही माझंच. शीर्षक होतं, ‘ओसाड माळरानाचा हरित कायापालट’.

शीर्षकापाशीच एका म्हाताऱ्या धनगरानं तिला थांबवलं. ‘वसाड? कंचा माळ म्हणत्यात?’

‘ह्योच की तात्या, वरचा.’

तात्या माझ्याकडं वळले. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. संस्थेच्या जीपमधून उतरलेली एक बाई, एवढीच माझी ओळख. ‘बाई, त्या माळाव माझी दीडशे मेंढरं चरत्यात. माझा बा चारत हुता, त्याचा बा चारत हुता. माळ वसाड आसता तर मेंढरं काय वारा खाऊन जगली व्हय?’

पारावर हशा पिकला. मीही हसले, कारण दुसरं काही सुचेना. तो शब्द मीच लिहिलाय, हे सांगायचा धीर मात्र झाला नाही. म्हणून आज इथं सांगते.

मी साताऱ्यात राहते. वीसेक वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखान्याला कुलूप लागल्यावर पोटासाठी संस्थांच्या वेबसाइटचा मजकूर लिहायला लागले. नदी, जंगल, गिधाडं, गवत, सांडपाणी, जे येईल ते. ज्या कामासाठी मी एक दिवसही उन्हात उभी राहिले नाही, त्या कामाची ध्येयं मी पंख्याखाली बसून लिहिली आहेत. त्यामुळे पुढं जी तक्रार करणार आहे, तिच्यातली निम्मी माझ्या स्वतःविरुद्ध आहे.

या वेबसाइट एकाच साच्यातून निघतात. वर फोटो : दोन ओंजळी, ओंजळीत माती, मातीत दोन पानांचं रोप. हा फोटो मी तीन संस्थांसाठी वापरला. रोप कशाचं आहे ते मला आजही सांगता येणार नाही. त्याखाली पळते आकडे. पान उघडलं की शून्यापासून भर्रकन वर चढतात. झाडं इतकी, गावं इतकी, लाभार्थी इतके. पेट्रोलपंपावरच्या मीटरसारखे हे आकडे फक्त चढतात, उतरलेले मी कधी पाहिले नाहीत. मग येतात ‘ध्येय’ आणि ‘दृष्टी’. या दोहोंतला फरक मला एका विश्वस्तांनी अर्धा तास समजावून सांगितला होता. पुढच्या एका कामात घाईगडबडीत दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली आणि तशीच राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शब्दही ठरलेले. शाश्वत, समग्र, सक्षमीकरण, लोकसहभागातून. ‘स्टेकहोल्डर’चं मराठी मी कित्येक वर्षं ‘भागधारक’ असं करत आले, म्हणजे माळावरचा मेंढपाळ आणि शेअर बाजारातला शेठ यांना एकाच बाकावर बसवलं. त्या दिवशी पारावर ‘लाभार्थी’ हा शब्द आला तेव्हा मागच्या बाजूनं एका बाईंनी विचारलं, ‘घरकुलाची यादी लागली का काय?’ बरोबरच आहे. गावात लाभार्थी म्हणजे ज्याचं नाव यादीत लागतं आणि ज्याच्या खात्यात काहीतरी जमा होतं तो माणूस. आपण लाभार्थी झालोय, हे त्या पारावरच्या कुणालाच माहीत नव्हतं.

आता तो ‘ओसाड’ कुठून आला ते सांगते, कारण तो एकट्या माझ्या डोक्यातून आलेला नाही. संस्थेनं देणगीदार कंपनीकडं पाठवलेल्या प्रस्तावात त्या माळाला ‘वेस्टलँड’ म्हटलं होतं. प्रस्तावात तो शब्द आला सरकारी भाषेतून. इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असा हिशोब होता. तो हिशोब कागदावरून अजून पुसला गेलेला नाही. केंद्राच्या भूसंसाधन विभागाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्याचं नावच ‘वेस्टलँड अ‍ॅटलस’, आणि झुडपी माळांचे मोठे पट्टे त्यात पडीक म्हणूनच मोजले जातात. सरकारचा ‘पडीक’ प्रस्तावात ‘वेस्टलँड’ झाला आणि माझ्या टेबलावर येऊन ‘ओसाड’ झाला. तीन मुक्काम झाले, पण वाटेत एकदाही माळावर कुणी गेलं नाही.

मी गेले, पण पान प्रसिद्ध झाल्यावर. पाऊस पडून आठ दिवस झाले होते. तात्यांच्या नातवानं गवतं ओळखायला शिकवली. ही कुसळी, हिचं कुसळ पायजम्यात शिरलं की घरापर्यंत सोबत करतं. हा मारवेल, हा जनावरं आधी शोधतात. हा पवना. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, म्हणजे जवळपास जमिनीवर तिची अंडी असणार. माळाचा खरा धनी गवत. झाडं तिथं तुरळकच असायची, आणि तिथले पक्षी-प्राणी त्या मोकळेपणावरच जगतात. माळढोकाला तर गर्द झाडी चालतच नाही, त्याला लांबवर दिसणारं उघडं रान लागतं. त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य झालं, नान्नजचा माळ त्यातलाच. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक ही सगळी माळाची वस्ती. अशा ठिकाणी खड्डे घेऊन दाट रोपं लावली आणि ती तगली, तर सावलीनं गवत मागं हटतं. तगली नाहीत तर खड्डे उरतात आणि मेंढरांचे पाय मोडतात. संस्थेनं लावलेल्या रोपांत गिरिपुष्पाची संख्या मोठी होती. ते लवकर वाढतं, फोटोत लवकर हिरवं दिसतं.

माझ्या त्या एका शब्दानं काय काय झालं बघा. ‘ओसाड’ म्हटल्यामुळे गवत दिसेनासं झालं, गवताबरोबर मेंढरं गेली, मेंढरांबरोबर तात्या गेले. जागा मोकळी झाली आणि मोकळ्या जागेत झाडं लावणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. वेबसाइटवरचं ध्येय म्हणजे शोभेचं तोरण, असं मी समजत होते. प्रत्यक्षात ते सातबारावरच्या नोंदीसारखं काम करतं. जमीन कुणाची आणि कशासाठी, हे ते आधीच ठरवून टाकतं.

संस्थेची माणसं वाईट होती असं मुळीच नाही. त्यांच्यातला एक कार्यकर्ता दोन उन्हाळे टँकरमागं सायकलनं फिरून रोपांना पाणी घालत होता. खोट वेगळीच आहे. वेबसाइट कुणासाठी लिहायची हे आधी ठरतं आणि मग त्याच्या डोळ्यांनी लिहिली जाते. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांतली एक जरी अट लागू झाली तरी कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची. त्या कामांच्या यादीत पर्यावरण आहे. पैसा आला, चांगलं झालं, पण पैशाबरोबर एक वाचकही आला. तो मुंबईत किंवा गुरुग्रामला बसतो, त्याला एका दुपारी वीस वेबसाइट बघायच्या असतात आणि त्याला आकडा लागतो. झाड मोजता येतं. गवत मोजता येत नाही. त्यामुळे संस्था झाडं लावते, आणि ज्या संस्थेला गवत राखायचं आहे तीही वेबसाइटवर झाडच दाखवते.

आकड्याची ही चटक एकट्या संस्थांना लागली असंही नाही. राज्य सरकारच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टं आठवा : २०१६ साली २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. लागवडीचा आकडा त्या दिवशीच जाहीर करता येतो. जगलेल्या झाडांचा आकडा सांगायला तीन उन्हाळे थांबावं लागतं, आणि तोवर बातमी शिळी होते. ज्यानं कधी डोंगरउतारावर रोप जगवलंय त्याला विचारा. लावणं हे एका सकाळचं काम. त्यापुढं काठी, कुंपण, आळं, मार्चमधलं पाणी, मेमधला वणवा आणि बारमाही शेळ्या. माझ्या लिखाणात ‘लावली’ हे क्रियापद शेकड्यांनी सापडेल. ‘जगली’ शोधावं लागेल.

भाषेचा प्रश्न तर त्याहून सरळ आहे. २०२० साली केंद्र सरकारनं पर्यावरण परवानग्यांच्या नियमांचा नवा मसुदा काढला, ईआयए अधिसूचना म्हणून तो गाजला. प्रकल्पावरच्या जनसुनावणीत लोकांना म्हणणं मांडायला मिळणारे ३० दिवस २० वर आणण्याची त्यात तरतूद होती. म्हणजे ज्या गावात खाण किंवा धरण यायचंय त्या गावाच्या तोंडचा वेळ कापणारा मसुदा, आणि तो आला इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या म्हणजे २२ भाषांत तो मसुदा द्या, असं बजावलं. त्या दिवशी आम्ही भाषांतरवाल्यांनी एकमेकींना फोन केले होते. सरकारला बोल लावताना मला बरं वाटत होतं. आपण ज्या संस्थांचं काम करतो त्यांच्या वेबसाइटचं मराठी पान निम्म्यावर संपतं आणि पुढं ‘अधिक माहितीसाठी इंग्रजी अहवाल पाहा’ असं असतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्याच वर्षी जुलैत दुसरीही गोष्ट घडली. या मसुद्याला विरोध करणारे ईमेल पर्यावरणमंत्र्यांकडं पाठवायची सोय काही तरुण गटांनी आपापल्या वेबसाइटवर केली होती. त्यांतल्या तीन वेबसाइट बंद पडल्या. ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’च्या भारतातल्या गटाबाबत दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेनं पाठवलेल्या नोटिशीत तर दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याचं कलम होतं. पुढं ते चुकून गेल्याचं सांगून नोटीस मागं घेतली गेली. मला त्यातून वेगळाच धडा मिळाला. ओंजळीतल्या रोपाच्या फोटोमुळे कुणाची वेबसाइट बंद पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या पोरांच्या पानावर मसुद्यात काय आहे, मुदत कधी संपते आणि आपलं म्हणणं कुठं पाठवायचं, एवढंच नेमकं लिहिलेलं होतं. कामाचा मजकूर असला की वेबसाइटला वजन येतं, आणि ते वजन समोरच्यालाही जाणवतं.

आपल्याकडं नेमकं बोलण्याची उदाहरणं कमी नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं ध्येय साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ यात शाश्वत नाही, समग्र नाही. गावातल्या लहान मुलाला कळेल आणि मंत्रालयातल्या सचिवालाही टाळता येणार नाही, असं वाक्य आहे. ते कुणा माझ्यासारखीनं पंख्याखाली लिहिलेलं नाही. गावानं अभ्यास गटांत बसून, सर्वसहमतीनं निर्णय घेत घेत ते अंगी बाणवलं आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत नाव लावलं. दुसरं उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, गावानं ते काम आपलं मानलं, पुढं कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांत उतरायला लागले. तिथं तुम्हाला पहिली गोष्ट कळते ती ही, की पिल्लं अमुक दिवशी निघतील असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. अंडी उबायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि ते वाळूच्या उबेवर ठरतं. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली जाते. पिल्लं असली तर असली, नसली तर संध्याकाळी परत या. माझ्या लेखी याहून चांगलं ‘ध्येय’ नाही. काय राखायचंय, कुठं, कोण राखतंय आणि आपल्या हातात काय नाही, सगळं त्यात आलं.

यावर संस्थाचालक मला जे सांगतात ते ठाऊक आहे. ‘मॅडम, गावात वेबसाइट कोण बघतं? बघणारा देणगीदार. त्याला कळेल असं लिहा.’ यात तथ्य आहे. संस्थेत तीन माणसं, एक लॅपटॉप, मानधन दोन-दोन महिने थकलेलं. निधी आटला की वेबसाइटचा पत्ताही सुटतो. नदीसाठी काम करणाऱ्या एका गटाचं पान मी मन लावून लिहिलं होतं, आज तो पत्ता टाकला की रमीची जाहिरात उघडते. अशा माणसांना मी ‘चार भाषांत वेबसाइट करा’ म्हणून उपदेश करणं सोपं आहे. पण ‘गावात कोण बघतं’ हे आता खरं राहिलेलं नाही. पारावर ती मुलगी वाचत होती ना. तिला दुवा पाठवला होता मुंबईत माथाडी कामगार असलेल्या तिच्या मामानं, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. ‘आपला माळ नेटवर आलाय’, म्हणून. कौतुकानं पाठवला होता, आणि त्या कौतुकाला आम्ही ‘ओसाड’ म्हणून उत्तर दिलं.

छापखान्यात एक रीत होती, आता तिच्याकडंच परत जावं म्हणते. छापण्याआधी ज्याचं काम त्याला प्रूफ दाखवायचं. लग्नपत्रिका असली तर घरातली चार माणसं येऊन टेबलाशी उभी राहायची. आत्याचं नाव राहिलं, काकांच्या नावाआधी ‘कै.’ चुकून पडलं, गाव खुर्द ऐवजी बुद्रुक झालं, असं सगळं तिथंच निस्तरायचं. सही झाल्याशिवाय मशिन सुरू व्हायचं नाही. साध्या लग्नपत्रिकेला जो मान होता, तो एका अख्ख्या गावाविषयीच्या पानाला का नसावा? माझं म्हणणं एवढंच आहे : ज्या गावाविषयी लिहिलंय त्या गावाला प्रूफ दाखवा. ग्रामसभेत, पारावर, बचत गटाच्या बैठकीत, जिथं माणसं बसतात तिथं ते मोठ्यानं वाचा. ज्या वाक्यावर हशा पिकेल ते काढा. ज्या आकड्यावर माणसं एकमेकांकडं बघतील तो पुन्हा मोजा.

गेल्या वर्षभरात मी नवीन काम घेताना ही अट घालते. मजकूर आधी मराठीत लिहीन, गावात वाचला जाईल, मग इंग्रजी होईल. ‘लावली’ शेजारी ‘जगली’ आणि मोजल्याचा महिना येईल. जे जमलं नाही त्याला एक परिच्छेद मिळेल. पैसे कुणाचे आले आणि कशावर गेले तेही राहील. परदेशी देणग्यांची तिमाही माहिती जाहीर करण्याची अट सरकारनं २०२२ मध्ये नियमांतून काढली. पण हिशोब मांडायला सरकारची अट लागते असं थोडंच आहे? भिशी चालवणाऱ्या बायकाही दर महिन्याला वही उघडून दाखवतात. या अटींपायी दोन कामं हातची गेली. तिसऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘करून बघू, देणगीदारानं हाकललं तर तुम्हीच दुसरा शोधून द्या.’ अजून तरी शोधावा लागलेला नाही. उलट कंपनीच्या माणसानं विचारलं, की न जगलेल्या रोपांचा परिच्छेद इतरांच्या वेबसाइटवर का नसतो?

माणच्या त्या पानाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. संस्थेला मी सगळा प्रकार कळवला. महिनाभर उत्तर नव्हतं. मग त्या टँकरमागच्या कार्यकर्त्याचा फोन आला, ‘ताई, तुम्ही लिहून द्या, मी वरती बोलतो.’ मी नवं पान लिहिलं. शीर्षकात फक्त गावाचं आणि माळाचं नाव ठेवलं. ‘या माळावर पिढ्यानपिढ्या मेंढरं चरतात’, हे पहिलं वाक्य. कुसळी, मारवेल, पवना आले. आम्ही रोपं कुठं लावली, कुठं लावायला नको होती आणि यंदा कुठला तुकडा गवतासाठी मोकळा सोडतोय, ते आलं. एका कुटुंबाची दीडशे मेंढरं आहेत, हेही घातलं. आणि प्रूफ म्हणून सगळं त्या मुलीला पाठवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. वाचून दाखवलं होतं, तात्या शेजारीच बसले होते. फोन त्यांनी घेतला.

‘बाई, दीडशे लिवू नगा. औंदा चाऱ्यापायी तीस इकली. एकशेवीस लिवा.’

या धंद्यात इतकी वर्षं झाली. वेबसाइटवरचा आकडा कमी करायला सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. मी एकशेवीस लिहिलं.